सुभेदारांचा मसाला

पलूसला आमच्या शेजारी राहणारे सुभेदार आबा फोनवर कधी बसून बोलत नाहीत. फौज सोडून बरीच वर्षं झाली, पण रिंग वाजली की आधी टोपी, मग उभं राहणं, मग 'हॅलो'. कारण विचारलं तर म्हणतात, "पलीकडं कोण सायब आसंल, काय सांगावं?"

मध्यंतरी एका मसाला कंपनीने ऑनलाइन स्पर्धा काढली. घरच्या मसाल्याची कृती आणि करणारीचा फोटो पाठवायचा. पहिली येईल तिचा फोटो आणि नाव पाकिटावर छापणार. आबांनी आपल्या बायकोच्या, म्हणजे आमच्या काकींच्या, कांदा-लसूण मसाल्याचा अर्ज भरायचं ठरवलं आणि मला निरोप आला, "मास्तर, मोबाईल घिऊन रिपोर्ट करा."

"मिरची अंदाजानं घ्यायची," काकींनी सांगितलं. वेबसाइटला अंदाज चालेना, तिला ग्रॅम हवे होते. आबांनी तराजू आणून काकींची मूठ तीनदा मोजली. तिन्ही वेळा वजन तेवढंच भरलं. "बघितलंसा? बिगरट्रेनिंगची," ते मला हळूच म्हणाले.

फोटो आधी मोठा ठरला, मग लहान. ओटीपी यायचा तो मुदत संपल्यावर. "ह्येला पाठीवर पिट्टू देऊन ग्राउंडला धा चक्कर मारायला लावलं पायजे," आबा म्हणाले. कसाबसा अर्ज गेला, तर निकालाची तारीख तीनदा पुढे ढकलली. मग आबा रोज सकाळी दहाला कंपनीला फोन लावू लागले. पलीकडून यंत्र म्हणायचं, 'आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे.' "मग उचला की," आबा म्हणायचे, आणि टोपी घालून अर्धा अर्धा तास ते संगीत उभ्याने ऐकायचे. काकींचा चहा शेजारी गार व्हायचा. मला मात्र त्या कंपनीचा संताप यायचा.

एकदा मी न राहवून म्हणालो, "आबा, सोडून द्या आता."

"मास्तर, तिकडं बर्फात हिच्या मसाल्याचा डबा यायचा. सगळी पलटण खायची. लय नाव झालं, पण माझं. 'सुभेदारांचा मसाला' म्हनायची पोरं. हिचं नाव कुणालाच ठावं न्हाई."

शेवटी निकाल लागला. 'विजेत्यांशी संपर्क साधण्यात आला आहे', एवढाच. आमच्याशी कुणी साधला नव्हता. आठवड्याने मोबाईलवर एक प्रशस्तिपत्र आलं: 'अभिनंदन,' आणि पुढे नावाची जागा कोरी. मी तक्रार लिहायला बसलो. आबांनी मला थांबवलं आणि त्याची छापील प्रत काढून आणली. टेबलाशी बसून काळ्या पेनाने त्या कोऱ्या जागेत सावकाश अक्षर काढू लागले: हौसाबाई.

मधेच फोन वाजला. कंपनीचाच होता. आमची सेवा कशी वाटली, किती गुण द्याल, असं एक मुलगी विचारत होती. आबा उठले नाहीत. टोपीही खुंटीवरच राहिली.

"थांबा जरा, कामात हाय," म्हणाले आणि शेवटची 'ई' पुरी केली.

बाहेरच्या खोलीत भिंतीला खिळा एकच. आबांनी त्यावरची आपल्या मेडलांची चौकट उतरवली आणि प्रशस्तिपत्र तिथे टांगलं. काकींनी उतरवलेली चौकट पदराने पुसली.

"आवं, आन् ही मेडलं कुठं ठिऊ?"

"फौजेत यायचा त्यो डबा हाय न्हवं? त्यात ठेव."