धोंडप्पांचा फुगा

चित्रपटातल्या बापाला हृदय असते आणि ते मध्यंतरानंतर दुखते. त्याआधी त्याने मुलाला एक थप्पड मारून घराबाहेर काढलेले असते. शेवटी फलाटावर तो मुलाला मिठी मारतो आणि गाडी, एरवी कधी नव्हे ती, अगदी वेळेवर सुटते. चित्रकादंबरीतला, म्हणजे मोठ्यांसाठी काढलेल्या चित्रांच्या पुस्तकातला, बाप सहसा पाठमोरा उभा असतो (चेहरा काढायचे श्रम वाचतात). पण दोन्हीकडे बापलेक शेवटी एकमेकांशी बोलतात. उदगीरच्या धोंडप्पांना हा प्रकार फार उथळ वाटे.

धोंडप्पांचे भांड्यांचे दुकान होते आणि मन्मथ नावाचा एकुलता एक मुलगा होता. दोघांमधील सर्व पत्रव्यवहार तोंडी आणि योग्य मार्गाने, म्हणजे धोंडप्पांची बायको गंगम्मा हिच्यामार्फत, चाले. बाप खुर्चीत, मुलगा चार हातांवर सतरंजीवर. बाप बायकोला, फक्त तिलाच ऐकू जाईल असे, पुटपुटत सांगे, बायको मान वळवून मुलाला सांगे, उत्तर त्याच मार्गाने परत येई. मन्मथच्या सव्वीस वर्षांच्या आयुष्यात अप्पा त्याच्याशी थेट तेवीस वाक्ये बोलले होते. पैकी चौदा ‘मोटार बंद कर’, आठ ‘सरक’ आणि एक दहावीच्या निकालादिवशी (येथे गाळले आहे).

रीतीप्रमाणे मुलाला डॉक्टर करायला लातूरच्या क्लासला घातले. त्याने वहीत बेडूक असा हुबेहूब काढला, की सरांनी बेडूक ठेवून घेतला आणि मुलगा परत पाठवला. पुढे तो पुण्यात चित्रे काढू लागला आणि आता त्याच्या एकशेवीस पानांच्या चित्रकादंबरीला प्रकाशक मिळाला होता. पुस्तकाचे नाव ‘अप्पा’. अडचण एकच. शेवटच्या पानावर अप्पांच्या तोंडापुढचा संवादाचा फुगा रिकामा होता. सोमवारपर्यंत बापाने काहीतरी बोललेच पाहिजे, नाहीतर पुस्तक निघणार नाही, असे प्रकाशकाने कळवले होते. मन्मथला मनचे लिहायचे नव्हते. शनिवारी तो पानांचा गठ्ठा घेऊन घरी आला आणि अप्पांच्या समोर बसून आईला म्हणाला,

“अव्वा, अप्पाला इचार, शेवटच्या फुग्यात काय लिवू?”

गंगम्माने मान वळवली. अप्पा पुटपुटले, “त्याला सांग, आधी पुस्तक दाव म्हन.”

रविवारी सकाळी मन्मथ मित्राकडे गेला आणि धोंडप्पा चष्मा लावून वाचायला बसले. चौदाव्या पानावर बसस्टँड होते. पोरगा लातूरला निघालाय आणि फुग्यात अप्पा म्हणतायत, ‘लेकरा, उपाशी राहू नगस.’ धोंडप्पांना तो दिवस लख्ख आठवत होता. ते गंगम्माला म्हणाले होते, ‘त्या बैलाला सांग, डबा परत आन म्हन, स्टीलचा हाय.’ चाळिसाव्या पानावर पोराचा क्लास सुटला. फुगा : ‘आवडंल ते कर, मी हाय पाठीशी.’ मूळ मजकूर : ‘कर म्हनावं काय करायचं ते, माज्या डोळ्यांपुढून जा म्हन.’ एकाहत्तराव्या पानावर पोरगा पुण्याला गेला. फुगा : ‘तुज्याबिगर घर खायला उठतंय.’ मूळ मजकूर : ‘त्याच्या खोलीतला कूलर हिकडं लाव.’

एकंदर अडतीस फुगे. धोंडप्पांचे स्वतःचे दोन (दोन्ही ‘सरक’), बाकी छत्तीस गंगम्माची भर. त्यांनी बायकोकडे पाहिले. ती लसूण सोलत होती.

“असं बघू नगा,” ती म्हणाली. “जसंच्या तसं सांगितलं असतं तर दोघं एका घरात राहिले असते का?”

“म्हंजे गेल्या महिन्यात त्यानं फोनवर माजी तब्येत इचारली, ती बी तूच?”

गंगम्मा लसणात जास्तच लक्ष घालू लागली.

धोंडप्पांना राग आला, मग लाज वाटली, आणि मग त्या कागदावरच्या अप्पांचा सपाटून हेवा वाटला. पोरगा सव्वीस वर्षे त्या माणसावर जीव लावून बसला होता. खरे सांगावे, तर पोराचा तो बाप जाणार. न सांगावे, तर जन्मभर दुसऱ्याच्या नावावर लाड करून घ्यायचे.

संध्याकाळी मन्मथ पुण्याच्या गाडीसाठी पिशवी भरत होता. भरता भरता म्हणाला, “अव्वा, अप्पाला इचार, पुस्तकातलं समदं खरं हाय ना? न्हाई म्हनले तर हे पुस्तक मी देत न्हाई.”

गंगम्माने मान वळवली नाही. तिने मांडीवरची परात उचलली आणि सरळ स्वयंपाकघरात निघून गेली. घराच्या इतिहासात कार्यालय प्रथमच बंद होते.

बापलेक भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिले. घड्याळानेही कुणाचा निरोप पोचवला नाही.

“हाव,” शेवटी धोंडप्पा थेट मुलाकडे पाहून म्हणाले. “मीच म्हनलो हुतो.”

हे चोविसावे वाक्य. ते धादांत खोटे होते आणि सव्वीस वर्षांत त्यांनी इतक्या मनापासून काहीही म्हटले नव्हते. मन्मथने पेन काढले, ते जसेच्या तसे फुग्यात उतरवले आणि बराच वेळ मान वर केली नाही.

वाचकांनी हसायला हरकत नाही. मात्र ‘बाबा तुझी सारखी आठवण काढतात’ असे तुमची आई फोनवर सांगते, तेव्हा मूळ मजकूर काय होता, याची चौकशी करू नये. आणि तुमच्या नावावर ती त्यांना काय काय सांगते, याची तर मुळीच नको.