मागच्या डब्यात सोडा

नवरदेवाला कपडे बदलायला शांत जागा हवी होती आणि मी म्हणालो, "मागच्या डब्यात बसवू या." बस, एवढंच म्हणालो. यापेक्षा कितीतरी मूर्ख वाक्यं मी आयुष्यात बोललोय आणि त्यांचं काहीही झालेलं नाही. (आमची ही म्हणते, झालंय, पण तुमच्यापर्यंत पोचू दिलं नाही.)

पण गाडीचं आधी सांगितलं पाहिजे. आमची मुलगी रेल्वेच्या कारखान्यात जुनी इंजिनं दुरुस्त करते. लहानपणी बाकीच्या मुली बाहुलीला झोपवायच्या, ही बाहुलीचा हात उपसून तो परत कसा बसतो ते बघायची. तिनं आणि तिच्या चमूनं तीन वर्षं खपून एक वाफेचं इंजिन पुन्हा चालतं केलं. त्याला शोभतील असे लाकडी डबे शोधून काढले. लग्न ठरलं तेव्हा तिनं जाहीर केलं की ते याच गाडीत होणार. अख्खी गाडी आपली. पायथ्याच्या स्टेशनातून निघायचं, डोंगर चढताना नोंदणी अधिकाऱ्यांसमोर सह्या करायच्या आणि वरच्या स्टेशनात जेवायचं.

"बाबा, तुम्ही फक्त पाहुण्यांकडे बघा," ती म्हणाली.

आता मी पाणीपुरवठा खात्यातला कारकून. तीस वर्षं कागदावर 'पाहिले' असा शिक्का मारत आलोय. आपल्याला फक्त पाहुण्यांकडे बघायला सांगावं, याचा मला अपमान वाटला. म्हणून मी स्वतःच्या डोक्यानं एक कल्पना काढली. गाडी जुनी, तर वाढपीही जुन्या रेल्वेतल्यासारखे दिसायला हवेत. बाराही वाढप्यांना निळे कोट, पितळी बटणं आणि टोप्या शिवून घेतल्या. इतकं हुबेहूब काम झालं की निघायच्या आधीच दोन पाहुण्यांनी वाढप्यांना गाडी किती वाजता सुटणार ते विचारलं आणि खऱ्या गार्डकडे चहा मागितला.

कारखान्यातून गाडीचा एक कागदही आला होता. त्यात लिहिलं होतं : 'इंजिन जुने असल्याने चढावर चारच डबे ओढेल. पाचवा डबा सामानासाठी असून तो पायथ्याच्या स्टेशनात सोडण्यात येईल. त्यात माणसे बसवू नयेत.' हे मला आता तोंडपाठ आहे. तेव्हा मी त्यावर सही करून, सवयीनं, 'पाहिले' असं लिहिलं होतं.

तर पाचवा डबा मला प्रशस्त दिसला. एका बाजूला पेट्या, दुसऱ्या बाजूला गादीची बाकं, आणि भिंतीला पुरुषभर उंचीचा आरसा. नवरदेव चष्मे बनवणारा. अतिशय शांत मुलगा, बोलताना समोरच्याचा नंबर तपासतोय असं वाटतं. त्याला आणि त्याच्या वडिलांना, म्हणजे आमच्या व्याह्यांना, मी तिथे नेऊन बसवलं. व्याही वजनमापं तपासायच्या खात्यातून निवृत्त झालेले. बोलतात ते मोजून. त्या दिवशी ते एकच वाक्य बोलले होते.

"पोट जड वाटतंय."

"आत्ता सोडा पाठवतो!" मी म्हणालो आणि फलाटावर धावलो.

एका वाढप्याला सोडा सांगितला. तो मान डोलावून गेला तो गेलाच. पाच मिनिटांनी इंजिनानं वाफ सोडायला सुरुवात केली. पांढऱ्या धुरात मला कुणी दिसेना की काही ऐकू येईना. तेवढ्यात धुरातून निळा कोट आणि पितळी बटणं पुढे आली.

"साहेब, मागचा डबा सोडू का?"

वाफेच्या फुसफुशीत माझ्या कानात शिरलं ते 'मागच्या डब्यात सोडा' एवढंच. मी वैतागलो.

"अहो, मघाशीच सांगितलं ना! सोडा, सोडा, लगेच सोडा!"

"तुम्ही घरचेच ना?"

"मुलीचा बाप आहे मी!"

"मग ठीक. आत काय आहे?"

मला वाटलं, व्याह्यांच्या तब्येतीची चौकशी करतोय. मी आवाज खाली आणला. "जरा नाजूक प्रकरण आहे. गॅस आहे."

तो गंभीर झाला. "मग धक्का न लावता सोडतो."

किती समजूतदार माणूस, असं मनाशी म्हणत मी स्वतः चौकशी करायला मागच्या डब्यात चढलो.

नवरदेव आरशासमोर एक बूट घालून उभा होता. व्याही बाकावर टेकून बसले होते. शिट्टी झाली. इंजिनाचा भकभक आवाज सुरू झाला. मी त्यांच्यासमोर ऐटीत बसलो.

"निघाली!" मी म्हणालो. "बघा, धक्का म्हणून जाणवला नाही."

व्याह्यांनी मान डोलावली.

"इंजिन आमच्या लेकीच्या हातचं आहे. पेला भरून ठेवा, थेंब सांडणार नाही."

व्याह्यांनी खिशातली गोळी काढून तोंडात टाकली, समोरच्या फळीवर पाण्याचा पेला ठेवला आणि त्याकडे तज्ज्ञाच्या नजरेनं पाहत राहिले. पाणी हललं नाही.

"अचूक," ते म्हणाले. त्यांच्याकडून हा शब्द म्हणजे सरकारी मोहोरच.

"आता तर आवाजही येईनासा झालाय," मी म्हणालो. "याला म्हणतात कारागिरी!"

नवरदेव दुसरा बूट हातात घेऊन खिडकीशी आला आणि बराच वेळ बाहेर बघत राहिला.

"बाबा, ती शेळी दिसतेय का तुम्हाला?" त्यानं मला विचारलं.

फलाटाच्या कुंपणाशी एक शेळी भिंतीवरचा कागद खात होती.

"दिसतेय की."

"मघापासून दिसतेय. एक तर ती आपल्याच वेगानं पळतेय..." तो अतिशय सभ्यपणे थांबला.

मी दारातून डोकं बाहेर काढलं. समोर रूळ होते. दूर डोंगराच्या वळणावर धुराचा एक पुंजका होता आणि त्या पुंजक्याखाली माझ्या मुलीचं लग्न चाललं होतं.

फोन वाजला. आमची ही.

"अहो, कुठे आहात? सगळे खोळंबलेत!"

"शेवटच्या डब्यात."

"शेवटच्या डब्यात मी उभी आहे. इथे तुम्ही नाही."

"अगं, शेवटच्या डब्यात मी आहे!"

"माझ्या मागे नुसते रूळ दिसतायत!"

"माझ्या पुढे नुसते रूळ दिसतायत!"

मग फोन कुणीतरी तिच्या हातातून हिसकावला. नंतर मुलीचा आवाज आला.

"बाबा, डबा सोडायला तुम्ही सांगितलंत?"

"मी सोडा सांगितला होता गं."

"तो तुमच्यासोबत आहे?"

"सोडा? नाही, तो अजून..."

"बाबा! नवरा!"

"हो हो, आहे. एका बुटात आहे, पण आहे."

"त्याला तिथेच ठेवा. साडेचारला नोंदणी अधिकारी जाणार आहेत. त्यांना दुसरं लग्न आहे." फोन बंद झाला.

घड्याळात पावणेचार वाजले होते. नवरदेव पेटीवर बसला. इतका वेळ शांत असलेला तो मुलगा आता हातातल्या बुटाची नाडी सोडत होता आणि बांधत होता.

"सगळ्यांना वाटेल मी पळून गेलो," तो म्हणाला.

"अरे, पळून जायला डबा हलावा लागतो," मी धीर दिला. त्याला काही तो पोचला नाही.

आपणच काहीतरी केलं पाहिजे, असं वाटून मी खाली उतरलो आणि डबा ढकलायला लागलो. नवरदेवही आला. आम्ही दोघांनी नसा फुटेस्तोवर जोर लावला. डबा ढिम्म. स्टेशनमास्तर हातात चहाचा कप घेऊन बघत होते.

"ब्रेक लावलाय त्याला," ते म्हणाले.

"मग काढा की!"

"काढतो. पण उतार उलट्या बाजूला आहे. तुम्ही घरंगळत सरळ नदीत जाल. नवरीला काय निरोप द्यायचा?"

आम्ही हात काढून घेतले. मास्तरांनी वरच्या स्टेशनाला फोन केला, रूळ मोकळा असल्याची खात्री केली आणि गाडीला मागे यायला परवानगी दिली.

चार वाजून दहा मिनिटांनी ती आली. उलटी. सगळ्यात आधी दिसली आमची ही, शेवटच्या डब्याच्या दारात कमरेवर हात ठेवून उभी. (डोळे असे पेटलेले की गाडीला दिवा नसता तरी चाललं असतं.) सगळ्यात शेवटी इंजिन. त्याच्या दारातून आमची मुलगी वाकून बघत होती. लग्नाच्या पोशाखावर कोळशाची भुकटी, केसात धूर, गालावर पाच बोटांचा काळा ठसा. गाडी पुरती थांबायच्या आत तिनं उडी मारली आणि माझ्यावरून, म्हणजे मी जणू खांब आहे अशी, सरळ पुढे गेली.

नवरदेव एका बुटात उभा होता.

"मी कुठेही गेलो नव्हतो," तो म्हणाला.

"माहीत आहे रे." ती म्हणाली. "तू निघाला असतास तर चष्मा पुसून, सगळ्यांना सांगून निघाला असतास." मग तिनं त्याच्या हातातून बूट घेतला आणि फलाटावर बसून स्वतः त्याच्या पायात चढवला. मी तोंड फिरवलं. वाफ डोळ्यात गेली होती. (इंजिन चार डबे लांब होतं, तरी.)

नोंदणी अधिकारी घड्याळ बघत खाली उतरले. चालत्या गाडीतच लग्न व्हायला हवं का, असं मी भीत भीत विचारलं.

"गाडी चालती असावी असा नियम नाही," ते म्हणाले. "नवरा हजर असावा, असा मात्र आहे."

सामानाच्या डब्यातच, पेट्यांमध्ये उभं राहून, चार वाजून बावीस मिनिटांनी लग्न लागलं. तिसरा साक्षीदार म्हणून तो डबा सोडणारा माणूसच पुढे झाला. बिचारा इतका ओशाळला होता की मुलीनंच त्याला हाताला धरून आणलं. तो आमच्या बारा वाढप्यांपैकी नव्हताच. बावीस वर्षं डबे सोडायचं आणि जोडायचं काम करत होता. सही करताना माझ्याकडे बघून म्हणाला, "साहेब, मी वरिष्ठांना कळवलं होतं, आत गॅसच्या टाक्या आहेत म्हणून."

मग मंडळी जेवायला वर निघाली. पाचवा डबा इथेच राहणार होता आणि पेट्यांपाशी कुणीतरी थांबायला हवं होतं. कुणीही माझं नाव घेतलं नाही. सगळे फक्त माझ्याकडे बघत राहिले. गाडी गेली. मी दारात पाय सोडून बसलो.

पाच वाजता पाळी बदलली. नवे स्टेशनमास्तर आले, अगदी गप्पिष्ट गृहस्थ. माझ्याशेजारी टेकले.

"काय हो, ऐकलं ते खरं? नवऱ्यासकट डबा सोडायला लावला म्हणे? कोण हो तो अतिशहाणा?"

मी इकडे तिकडे पाहिलं. ओळखीचं कुणी दिसलं नाही.

"मुलाकडचा होता कुणीतरी," मी म्हणालो.

आत पेट्यांच्या मागे बाक करकरलं. पोट धरून तिथेच आडवे झालेले व्याही उठून बसले होते.

"खरं आहे," ते म्हणाले. "आमच्याकडचाच. आजपासून."