एकशे नव्वदचा मानकरी

"तुमले खरं वाटाव नही, पन बठ्ठा सोनगीर गावमा एकशे नव्वद ब्लड प्रेशरवर उभा राहणारा माणूस एकच शे. तो मी!"

शेतातल्या भरीत पार्टीत झुलाल आबांनी ही आरोळी ठोकली, तेव्हा कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी फुटत होती.

"डॉक्टरनी तीन यंत्रं बदलली. चौथं तर मना दंड पाहीसन घाबरीसन बंद पडनं!"

मंडळी हसली. आबांच्या दंडाला तपासणीच्या दिवशी यंत्राचा वारासुद्धा लागला नव्हता, हे त्यांना कुठून माहीत असणार?

त्याचं असं झालं. शाळेत तपासणीचं शिबिर होतं आणि आबांची सून उषा, गावची आशा सेविका, हिने बजावलं होतं, "आबा, प्रेशर जास्त निघालं तर पापड, लोणचं, मीठ सगळं बंद." उडदाच्या पापडाशिवाय आबांचा घास उतरत नसे. शिवाय डोकं दुखत नाही, चक्कर येत नाही, मग प्रेशर कसलं? ते जाड्या माणसांना होतं, असं आबांचं वैद्यकशास्त्र सांगत होतं. त्यांनी शेतावरच्या सालगड्याच्या, वेस्ताच्या, डोक्यावर आपली टोपी ठेवली, आपल्या नावाची चिठ्ठी हातात दिली आणि पुरुषांच्या रांगेत उभं केलं. वेस्ता म्हणजे नुसती काठी. वजन काय ते मिशीचं! उषा पलीकडच्या खोलीत बायकांची वजनं घेत होती. आबा बैलगाडीच्या सावलीत निवांत बसले.

आतून डॉक्टर ओरडला, "झुलाल भिकन पाटील! एकशे नव्वद!"

वेस्ता हसत बाहेर आला. "आबा, डॉक्टर भलता गोड बोलना. तुमनासाठे गोळ्यासनी चिठ्ठी दिधी."

त्या दिवसापासून आबांच्या ताटातलं मीठ गेलं. उषा रोज सकाळी गोळी हातात देई, आबा ती गालात धरून गोठ्यात थुंकत. इथवर ठीक होतं. पण गोळीबरोबर ती रोज ऐकवायची, "दुखत नाही म्हणजे नाही, असं नसतं, आबा. हे गुपचूप वाढतं. एक दिवस मेंदूची शीर फुटते, अर्धं अंग लुळं पडतं. हृदय, किडनी काही सोडत नाही."

आबा मान डोलवत आणि त्यांच्या डोळ्यांसमोर वेस्ताचं अर्धं अंग येई. खरं सांगावं तर अब्रू जाते. न सांगावं तर माणूस जातो. आबांनी शहाणपणाने दोन्ही वाचवायचं ठरवलं, म्हणजे गप्प बसले.

आता पार्टीत वेस्ताने वांग्यांचं पोतं उचललं. आबा बोलता बोलता थांबले. "वेस्ता, ठेव ते! रोहिदास, तू उचल रे."

वेस्ताने बिडी काढली. आबांनी हिसकावून जाळात टाकली.

पंगत बसली. वेस्ताच्या पानात पापड पडला. आबांनी झडप घालून तो उचलला, मिठाची चिमूट बोटाने पुसली आणि पुन्हा मंडळींकडे वळून म्हणाले, "तर एकशे नव्वदवर मी असा वाघासारखा..."

वाढायला आलेली भुरीबाई, वेस्ताची बायको, हातातली भरिताची पातेली खाली ठेवून उभी राहिली. उषाही पलीकडच्या पंगतीतून वळली.

"थांबा, आबा," भुरीबाई म्हणाली. "बीपी तुमले, आन पथ्य मना माणूसले? खरं सांगा, त्या दिन यंत्रमा हात कोणना व्हता?"