‘ठणकतंय’ची नोंद

‘ठणकतंय’ या गाण्याला संगीतकोशात स्वतंत्र नोंद द्यावी की गायकाच्या नोंदीत एका ओळीत त्याची बोळवण करावी, हे ठरवायचं काम प्रधान संपादक बाईंनी उपसंपादकांवर सोपवलं, तेव्हा बाईंना एक गोष्ट ठाऊक नव्हती. ते गाणं ज्या दाताच्या डॉक्टरने लिहिलं होतं, तो उपसंपादकांचा सख्खा साडू होता. उपसंपादकांनीही ती गोष्ट सांगितली नाही. फाइल काखेत मारून ते आपल्या टेबलाशी आले आणि कितीतरी दिवसांनी त्यांना कामाचा उत्साह वाटला.

साडूने आयुष्यभर दात कोरण्यापलीकडे काही केलं नव्हतं. एकदा एक संगीतकार दाढ दाखवायला आला. तोंडात कापसाचे बोळे घालून डॉक्टरने त्याला खुर्चीत आडवं केलं आणि काम करता करता आपल्या चार ओळी ऐकवल्या. ‘ठणकतंय गं ठणकतंय, काळजात काही ठणकतंय.’ संगीतकार “आं” म्हणाला. डॉक्टरने तो होकार समजला. गाणं निघालं आणि बसमध्ये, लिफ्टमध्ये, केस कापायच्या दुकानात, जिथे तिथे ते वाजू लागलं.

उपसंपादकही तरुणपणापासून गाणी लिहीत होते. वृत्तात चोख, व्याकरणात निर्दोष. तीही त्यांनी संगीतकारांना ऐकवली होती. पण त्या संगीतकारांची तोंडं मोकळी होती आणि ते स्वच्छ शब्दांत नाही म्हणाले होते.

घरी बायको कपड्यांच्या घड्या घालताना तेच गाणं गुणगुणत होती.

“अहो, डोक्यातून जातच नाही बघा.”

“माझ्या डोक्यात जातं ते,” उपसंपादक म्हणाले.

फाइलवर त्यांनी शेरा मारला: ‘गाणे गाजले आहे, परंतु गाजणे ही पात्रता नव्हे. तिऱ्हाईत जाणकाराने त्याविषयी गंभीर व सविस्तर लेखन केलेले आढळत नाही. सबब स्वतंत्र नोंद नको.’ कोशाचा नियमच तसा होता. बाईंनी वाचून मान डोलावली.

“बरोबर आहे. खंड छापायला अजून वेळ आहे. तोवर कुणी काही लिहिलं, तर बघू.”

हे शेवटचं वाक्य उपसंपादकांना कुसळासारखं टोचत राहिलं. त्यात सुटीच्या दिवशी साडूकडे जेवायला जायची पाळी आली. वाढता वाढता मेव्हणी म्हणाली, “भाऊजी, ह्यांचं गाणं तुमच्या कोशात येणार का हो?”

“तिथे नियम असतात.”

“असू दे गं,” साडू तिला म्हणाला. “कोशात मोठी माणसं असतात. आपण आपले दात बघावेत.”

त्याने फुशारकी मारली असती, तर उपसंपादकांना घास गोड लागला असता. हा साधेपणा त्यांना सहन झाला नाही. हे गाणं मुळात फालतू आहे हे एकदा चारचौघांत सिद्ध करून टाकलं की कुणाची लिहायची छाती होणार नाही, असं त्यांनी घरी येता येताच ठरवलं.

लेख त्यांनी एका वृत्तपत्राच्या पुरवणीला पाठवला. खाली स्वतःचं नाव घालायची सोय नव्हती. नात्याचा वास येऊ नये म्हणून त्यांनी टोपणनाव घेतलं ‘तिऱ्हाईत’. लिहायला बसले आणि हात थांबेना. काळीज धडधडतं, तुटतं, फाटतं; ठणकते ती दाढ, हा पहिला मुद्दा. ‘गं’ हे अक्षर कवीने भावनेसाठी वापरलेलं नसून किडलेल्या दातातली पोकळी बुजवावी तसं वृत्तातली पोकळी बुजवायला वापरलं आहे, हा दुसरा. मग यमकं, मग मात्रा, मग एकेक ओळ चिमट्यात धरून त्यांनी उपटून काढली. संपादकाने एक शब्द न कापता पुरवणीचं अख्खं पान दिलं.

पुढच्या अंकात एका भाषेच्या प्राध्यापिकाबाईंनी उत्तर दिलं. ‘तिऱ्हाईत यांचं विवेचन अभ्यासपूर्ण आहे, पण दाढेचं क्रियापद काळजाला लावणं हीच या गाण्याची मोठी कामगिरी आहे.’ मग हृदयरोगाच्या एका डॉक्टरने लिहिलं की काळीज ठणकल्याच्या तक्रारी आपल्याकडे रोज येतात. त्यावर तिसऱ्याने लिहिलं, तिसऱ्यावर प्राध्यापिकाबाईंनी. उपसंपादकांनी पुरवणी उघडायचं सोडून दिलं.

बाईंनी त्यांना आत बोलावलं. टेबलावर सगळी कात्रणं पसरली होती.

“नोंद होणार. तुम्हीच लिहा.”

“बाई, पहिला लेख टीकेचा आहे. चामडी लोळवलीय त्यात.”

“नियमात स्तुती म्हटलेलं नाही, लेखन म्हटलंय. नियमाचा मसुदा तुमचाच ना?”

मसुदा त्यांचाच होता.

“पण हा लिहिणारा कोण, कुठला…”

“नावातच सांगितलंय की त्याने.” बाईंनी चष्मा काढला. “काय नजर आहे हो माणसाची. असं लिहिणारा एक जण आपल्या कचेरीत असता, तर कोशाचं सोनं झालं असतं.”

इतकी वर्षं उपसंपादक याच कचेरीत लिहीत होते आणि बाईंनी त्यांच्या एकाही वाक्यावर चष्मा काढला नव्हता. तोंडाशी आलेलं ‘तो मीच’ त्यांनी गिळलं, कारण त्याच्या पाठोपाठ साडूचं नातं आणि ते लपवून फाइलवर मारलेला शेरा ही दोन्ही बाहेर आली असती.

“त्यांना आपण सल्लागार मंडळावर घेऊ,” बाई म्हणाल्या. “वृत्तपत्राकडून पत्ता मिळवते मी.”

“नको,” उपसंपादक घाईने म्हणाले. “म्हणजे, उपयोग नाही. ते आता नाहीत.”

“वारले?”

“अलीकडेच.”

“अरेरे. मग त्यांचीही नोंद घ्या. हयात टीकाकारांची आपण घेत नाही, ते असते तर अडलं असतं.”

अशा रीतीने उपसंपादकांनी एका आठवड्यात दोन नोंदी लिहिल्या. ज्याला एक ओळ द्यायची त्यांच्या जिवावर आली होती, त्या गाण्याला दोन रकाने गेले. तिऱ्हाइताच्या नोंदीत मात्र त्यांनी जमेल तितका हात आखडता घेतला. ‘लेखनात क्वचित अतिरेक’ असंही एक वाक्य घातलं. बाईंनी ते खोडलं आणि ‘असाधारण मर्मदृष्टी’ असं लिहिलं.

नोंदीसाठी तपशील विचारायला बाईंनी डॉक्टरला फोन केला होता. त्याच संध्याकाळी साडू उपसंपादकांच्या घरी आला. नेहमीसारखा हसला नाही. पाणीसुद्धा न घेता खुर्चीच्या कडेवर बसला आणि पाकिटातून तिऱ्हाइताच्या लेखाचं घडी घातलेलं कात्रण काढलं.

“साडूभाऊ, हे गेले म्हणे.”

“असं ऐकलं खरं.”

“माझं एवढं बारकाईने कुणी वाचलं नव्हतं हो. हिनेसुद्धा नाही. लोक चाल गुणगुणतात. शब्दांकडे बघणारा हा एकच निघाला.”

“त्याने झोडपलं होतं तुम्हाला.”

“झोडपू दे. पण ‘गं’चं त्यांचं म्हणणं खरं होतं. मी खरंच पोकळी बुजवत होतो.” त्याने कात्रण गुडघ्यावर सपाट केलं. “त्यांना भेटून सांगायचं होतं मला. राहून गेलं. म्हणून त्यांच्यावर एक गाणं लिहिलंय. ऐकता?”

नाही म्हणायला उपसंपादकांचं तोंड मोकळं होतं. पण त्यांनी मान डोलावली. साडूने खालमानेने, चाल न लावता गाणं म्हटलं. कधी न भेटलेल्या एका माणसाने आपल्या ओळींवरून बोट फिरवलं आणि जिथे दुखत होतं तिथेच ते थांबलं, एवढंच त्यात होतं. मात्रा एकही सांडली नव्हती. ‘गं’ कुठे नव्हता. उपसंपादकांनी सवयीने खोट शोधली आणि त्यांना ती मिळाली नाही. बायकोने पदराने डोळे टिपले.

“कसं वाटलं?” साडूने विचारलं.

“चांगलं आहे,” उपसंपादक म्हणाले. साडूच्या बाबतीत हे शब्द त्यांच्या तोंडून प्रथमच निघत होते आणि ते खरे होते.

साडूला पोचवून ते आत आले, तेव्हा बायको अजून तिथेच बसली होती.

“कुणीतरी आपल्यावर असं गाणं लिहावं,” ती म्हणाली. “कसा असेल हो तो माणूस?”

उपसंपादकांना त्या मेलेल्या माणसाचा जेवढा हेवा वाटला, तेवढा साडूचाही कधी वाटला नव्हता.

“काही खास नव्हता,” ते म्हणाले.