उभ्या तुऱ्याचा आळ

कोंबड्यांतलं मला जेवढं कळतं तेवढं परळ-लालबागात कुणाला कळत नाही, असं मी तेव्हा छातीठोकपणे सांगायचो. साल सत्तावन्न. मुंबई महाराष्ट्राला मिळावी म्हणून अख्खी चाळ सभांना धावत होती आणि मी चाळीमागच्या पत्र्याच्या खुराड्यात बसून पिसं तपासत होतो.

कोंबड्या विलायती, वायनडॉट नावाच्या. पीस पांढरंशुभ्र आणि त्याला चहूकडून काळा काठ, जणू एकेका पिसाला कुणी बसून किनार लावलीय. अंग रुंद, पाठ आखूड, आणि तुरा डोक्यावर चपट बसलेला. करवतीसारखा उभा तुरा आला की पक्षी प्रदर्शनातून बाद. शिवाजी पार्कला राहणाऱ्या, गुरांचे डॉक्टर म्हणून निवृत्त झालेल्या अण्णांनी मला एक कोंबडा आणि दोन कोंबड्या दिल्या होत्या. बक्षीस आणायचंच, असं मी गिरणीच्या अख्ख्या साचेखात्यात, जिथे मी माग चालवायचो तिथे, सांगून बसलो होतो.

दसऱ्याला पहिली नऊ पिल्लं निघाली. त्यांतल्या दोघांच्या डोक्यावर बारीक उभी रेघ!

पुराव्याची मला गरजच वाटली नाही. शेजारच्या कुशाबाचा गावठी कोंबडा उभा लालभडक तुरा मिरवत चाळभर हिंडायचा. सकाळी नळावर सगळ्यांसमोर मी आधी त्या कोंबड्याचा उद्धार केला, मग कुशाबाचा, मग त्याच्या गावाचा. खुराड्याला तर कडी होती, असं माझी बायको कौसल्या म्हणाली. त्याला कडी उघडता येते, असं मी सांगितलं.

कुशाबा माझ्याच गिरणीत, दोन साचे पलीकडे. वाद घालायचा त्याचा स्वभाव नव्हता. त्यानं गपचूप कोंबड्याच्या पायाला सुतळी बांधली आणि दुसरं टोक दाराला.

सभा भरवणाऱ्या समितीचं चाळीतलं काम कुशाबाकडे होतं, म्हणून सभांना अधूनमधून जायचो तेही मी सोडलं. कुणी विचारलं तर सांगायचो की मुंबई मिळेल तेव्हा मिळेल, आधी माझ्या खुराड्याला न्याय मिळू दे. झालं, शामराव महाराष्ट्राच्या विरोधात गेला अशी बातमी पसरली. पानवाला माझ्याशी बोलेना. नळावर कौसल्येचा हंडा कुणी पुढे घेईना. त्याचाही राग मी कुशाबावरच काढला.

दुसऱ्या खेपेला बारा पिल्लं निघाली, तीन उभ्या तुऱ्याची. मी म्हटलं, सुतळी लांब आहे. चारचौघांत जाऊन मोजली. खुराड्यापासून चांगली आठ हात कमी भरली. मग हा त्याला पहाटे मुद्दाम सोडतो, असं मी म्हणालो.

त्या संध्याकाळी कुशाबा दारात आला. हातात रश्श्याचं भांडं.

"घे," तो म्हणाला. "आता कुणाला बांधायचं ते तू बघ."

त्याची बायको दुपारभर रडत होती, असं कौसल्येनं सांगितलं. ती स्वतः भांड्याला शिवली नाही. आणि मी, आज सांगायला लाज वाटते, दोन भाकऱ्यांबरोबर तो रस्सा चाटूनपुसून खाल्ला. न्याय इतका चविष्ट असेल असं वाटलं नव्हतं.

दोन महिन्यांनी पुन्हा अंडी बसवली. आठ पिल्लं, दोन उभ्या तुऱ्याची. आता चाळीत माझ्याशिवाय कुणाचा कोंबडाच उरला नव्हता. म्हणजे अण्णांनीच मला भेसळीचा माल दिला! दसऱ्याच्या खेपेतला उभ्या तुऱ्याचा नर आता चांगला भरला होता. तो काखोटीला मारून मी तडक शिवाजी पार्क गाठलं आणि अण्णांना दारातच वाटेल ते बोललो.

अण्णांनी चष्मा लावून कोंबड्याचा पंख उलगडला. "काठ बघा किती स्वच्छ आहे. गावठी बापाच्या पिल्लाला असा काठ येईल?"

"मग हा तुरा?"

"चपट तुऱ्याच्या पक्ष्यांत उभा तुरा दडून असतो. नर आणि मादी दोघांत असला, की चारांत एखादं पिल्लू असं निघतं. तुमचाच कोंबडा, तुमच्याच कोंबड्या. बाहेरचं कुणी नाही."

मी मनात हिशेब केला. नवांत दोन, बारांत तीन, आठांत दोन.

लालबागपर्यंत चालत आलो. रस्ताभर रागवायला कुणी सापडतंय का ते बघत होतो, पण कुणी सापडलं नाही.

कुशाबाच्या दारात उभं राहून मी सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला, "हे उद्या नळावर बोल."

बोललो. बादल्या खाली ठेवून बायकांनी ऐकलं. मग भरपाई म्हणून तो नर मी कुशाबाच्या हातात दिला. तुरा सोडला तर पक्षी अव्वल होता. असा काठ मला पुन्हा साधला असता की नाही, कुणास ठाऊक. म्हटलं, याची निपज धरशील तर चाळीत नाव होईल.

कुशाबानं काठाकडे पाहिलंही नाही. त्यानं कोंबडा उचलून हातावर तोलला.

"अंगानं बरा आहे," तो म्हणाला. "रविवारी सासुरवाडीचे पाच जण यायचेत. पुरेल."

माझ्या कानशिलापर्यंत राग चढला. तोंड उघडलं. नळावर सगळे माझ्याकडेच बघत होते.

"मसाला जरा बेतानं घाल," मी म्हणालो आणि घरात गेलो.