खो मिळाल्याशिवाय

भाताच्या हंगामातल्या एका शनिवारी सकाळी पनवेलच्या शाळेच्या जुन्या मैदानावर आठ माणसं ओळीनं बसली आणि आकाशात चांदण्या दिसेपर्यंत ती ओळ मोडली नाही. मैदानाच्या कडेला कुऱ्हाडी आणि काटेरी तार घेऊन आलेल्या दोन बैलगाड्या उभ्या होत्या. ज्यांच्या शब्दावर ही माणसं उठली असती, ते दाऊद मास्तर समोरच हात मागे बांधून उभे होते. तो शब्द त्यांनी दिला नाही, कारण शनिवार होता.

पनवेलला तेव्हा रेल्वे यायची होती. दाऊद मास्तर पेणकर हे शाळेचे निवृत्त ड्रिल मास्तर, राहणार इस्रायल आळी, म्हणजे गावातल्या ज्यूंची वस्ती. इस्त्रीची खाकी अर्धी चड्डी, काळी टोपी आणि गळ्यात काळ्या दोरीला बांधलेली पितळी शिट्टी. शिट्टीशिवाय ते फक्त शनिवारी दिसत. शुक्रवारी सूर्य मावळला की त्यांचा शब्बाथ सुरू होई. मग दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत कुठलंही काम करायचं नाही, आणि शिट्टी वाजवणं हे त्यांच्या लेखी कामच होतं. बाकीचे सहा दिवस ते जेवतानाही शिट्टी काढत नाहीत, असं शेजारी सांगत. मी ते स्वतः पाहिलेलं नाही.

त्यांची दोन वाक्यं गावाला पाठ होती. एक, "खेळ चालू आहे." दुसरं, "पंचाशी वाद नाही." ही वाक्यं ते कुठेही वापरत. एस.टी.च्या कंडक्टरनं एका म्हातारीचा पाय पायरीवर असतानाच घंटी मारली, तेव्हा मास्तरांनी अशी शिट्टी फुंकली की ड्रायव्हरनं गाडी जागच्या जागी उभी केली. कंडक्टर तावातावानं खाली उतरला. मास्तर म्हणाले, "फाऊल. पंचाशी वाद नाही." म्हातारी बसली, मगच गाडी सुटली. एका लग्नात मुहूर्त टळत चालला तेव्हा त्यांनी अंतरपाटामागून भटजींना "टाइम!" असं बजावलं होतं. भटजींनी पुढची मंगलाष्टकं पळवली.

मैदानाची हकीकत अशी. गावातल्या एका जुन्या जमीनदारानं ते शाळेला मुलांच्या खेळासाठी दिलं होतं. अट एकच: खेळ चालू असेपर्यंत जमीन खेळाची, बंद पडला तर शाळेच्या मंडळानं तिचं हवं ते करावं. पुढे शाळा नव्या इमारतीत गेली. तिथं नवं मैदान झालं, मुलं क्रिकेट खेळू लागली. जुन्या मैदानात रिंगणीची काटेरी झुडपं माजली आणि म्हशी बसू लागल्या. शेजारच्या भाताच्या गिरणीला गाड्या लावायला आणि भात वाळवायला जागा हवी होती. मंडळाचे अध्यक्ष तात्यासाहेब वकील. ती जागा गिरणीला द्यायचं त्यांनी जवळपास ठरवलं होतं. त्या बैठकीला दाऊद मास्तर न बोलावता गेले.

"मास्तर, तिथला खेळ बंद पडून वर्ष होऊन गेलं," तात्यासाहेब म्हणाले.

"बंद नाही. थांबलाय. शिक्षक विरुद्ध माजी विद्यार्थी, खो-खोचा सामना. खांब मोडला म्हणून मी थांबवला. निकाल दिलेला नाही."

"अहो, पण खेळणारे कुठे आहेत?"

"खो-खोत नऊ गडी असतात, वकीलसाहेब. त्यातले आठ बसलेले असतात. तुम्ही धावणारे शोधताय. बसणारे बघा."

"आणि समोरचा संघ?"

"समोरचा संघ म्हणजे तुम्ही. पळायचं तुम्ही."

मंडळी हसली. मास्तर हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी ते कोयता घेऊन मैदानात उतरले.

मोडलेल्या खांबाच्या जागी नवा हवा होता, आणि दुसराही कुजला होता. कोळीवाड्यातल्या आनंदीबाईच्या कुंपणाला पांगारा होता. तिच्याकडून त्यांनी दोन सरळ फांद्या मागून आणल्या, सोलल्या नाहीत, तशाच दोन टोकांना पुरल्या. पावसात दोन्ही खांबांना पालवी फुटली. ड्रिल मास्तरच्या आयुष्यात असं पहिल्यांदाच घडलं होतं. ते दोन दिवस खांबांभोवती फिरले आणि मग त्यांनी जाहीर केलं की खांब मेलेलाच असला पाहिजे असं कुठल्याही नियमात म्हटलेलं नाही.

हा निर्णय एकदा झाल्यावर पुढचं सगळं नियमातच बसत गेलं. दोन खांबांच्या मधे आठ गड्यांच्या आठ जागा. प्रत्येक जागी जुन्या शाळेच्या पायऱ्यांचा एकेक दगड आला. उन्हात गडी दमतो, म्हणून प्रत्येक दगडामागे एक झाड: करंज, बकुळ, कडूनिंब, मिळेल ते. उशिरा येणाऱ्याला दंड म्हणून विहिरीवरून दोन बादल्या पाणी. रिंगणी उपटली गेली आणि तिथं हरळी धरली. म्हशींबद्दल मास्तरांचा निकाल होता, "अनुमत खेळाडू नाही." म्हशींचा मालक भांडायला आला तेव्हा त्याला सांगण्यात आलं की पंचाशी वाद नाही.

बसणारे आपोआप आले. आनंदीबाई बाजारात मासळी विकून रिकामी पाटी घेऊन परतताना टेकायची. गफूरभाई तांडेल, मोरा बंदराच्या लाँचवर आयुष्य काढून निवृत्त झालेले, दुपार कलल्यावरच्या असरच्या नमाजनंतर येत. वाटणीवरून अबोला धरलेले कापडवाले दोघे भाऊ शेजारशेजारच्या दगडांवर बसत. खो-खोत एकाचं तोंड पूर्वेला तर दुसऱ्याचं पश्चिमेला असतं, म्हणून त्यांना ते जमे. नियम एकच आणि कडक होता. मागून कोणी पाठीला हात लावून "खो" म्हटल्याशिवाय उठायचं नाही. आणि खो देईल त्यानं त्या जागी बसायचं.

"मास्तर, मना घरा जायाचा हाय, चूल पेटवाची हाय," आनंदीबाई ओरडायची.

"खो मिळाला?"

"कोन देतंय खो? सगली म्हातारी मानसा!"

"मग बसा. खेळ चालू आहे."

तिच्या शेजारच्या दगडावरचे गफूरभाई मान न वळवता म्हणत, "बस गं बाई. घरी तरी कोण वाट बघतंय तुझी? मांजर?"

"तुजी बायकू तरी कुटं बगते? ती तर तू हिकरं आल्यावर खुश असते!"

असं तोंडं न बघता चालायचं. खेळ रोज संध्याकाळी व्हायचा आणि अंधार पडल्यावर मास्तर लांब शिट्टी देऊन तो दुसऱ्या दिवसापर्यंत तहकूब करायचे. निकाल मात्र द्यायचे नाहीत. दोन-तीन पावसाळ्यांत झाडं डोक्यावर गेली. बाळंतिणी पोरांना घेऊन येऊ लागल्या, आजारी माणसांना कोणी हात धरून आणून बसवू लागलं. गावात त्या जागेला कोणी बाग म्हटलं तर मास्तर दुरुस्त करत. बाग म्हटलं की खेळ बंद पडला असं होई, आणि मग गिरणी होती.

तात्यासाहेब वकील होते. त्यांना फट सापडायला वेळ लागला, पण सापडली. शनिवारी खेळ होत नाही. म्हणजे दर शनिवारी तो बंद असतो. बंद म्हणजे बंद. एका शनिवारी खेळ बंद असताना झाडं तोडून तार ठोकली की पुढचा प्रश्नच मिटला. गाड्या पाठवल्या गेल्या. मास्तर तेव्हा आळीत प्रार्थनेला होते.

गाड्या आनंदीबाईनं पाहिल्या. तिनं पाटी रस्त्यातच ठेवली आणि आपल्या दगडावर जाऊन बसली. बाजारात ओरड झाली. थोड्याच वेळात आठही दगड भरले. पांढरा सदरा घातलेले मास्तर प्रार्थनेहून आले आणि मैदानाच्या कडेला थांबले. पाठोपाठ तात्यासाहेब आले.

"उठा सगळे. आज शनिवार, आज खेळ नाही."

"कोन बोल्ला?" आनंदीबाई म्हणाली. "काल सांजचे आमी बसलाव. दिस बुडाला तवा मास्तर शिट्टी न मारताच घरा गेलं. दर शुक्कुरवारी तसंच जातान. शिट्टी नाय तर खेल बंद कसा?"

"अगं, पण रात्री तुम्ही घरी जाऊन झोपलात ना?"

"तो फाऊल झाला. फाऊलचा बगल पंच. तुमी कोन?"

तात्यासाहेब मास्तरांकडे वळले. "मास्तर, तुम्हीच सांगा. खेळ चालू आहे की बंद?"

"आज मी पंच नाही," मास्तर म्हणाले. "चांदण्या दिसल्या की विचारा."

गाडीवानांनी बसलेल्या माणसांच्या डोक्यांवरून कुऱ्हाड चालवायला नकार दिला. ऊन चढलं. तात्यासाहेब कोटात होते. दुपारच्या जुहरच्या नमाजची वेळ झाली तसे गफूरभाई चुळबुळ करू लागले. तात्यासाहेबांना वाटलं, ओळ इथून मोडेल. ते मागून गेले आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "गफूरभाई, उठा. नमाज चुकवू नका."

"उठतो की, वकीलसाहेब. तेवढं खो म्हणा."

"बरं बाबा, खो! झालं?"

गफूरभाई ताडकन उठले. दगड रिकामा झाला. साऱ्या मैदानाचं लक्ष तात्यासाहेबांकडे लागलं.

"बसा," कापडवाल्यांतला थोरला म्हणाला.

"मी कशाला?"

"खो दिलात ना? आता बसायलाच लागतं," धाकटा म्हणाला. दोघा भावांचं एकमत झाल्याचा हा एकच प्रसंग माझ्या ऐकिवात आहे.

तात्यासाहेबांनी इकडेतिकडे पाहिलं. ऊन कडक होतं आणि दगडावर करंजाची गार सावली होती. ते जरा टेकतो म्हणून बसले. अध्यक्षच बसलेले पाहून गाडीवानांनी बैल सोडले आणि तेही हरळीवर आडवे झाले. गफूरभाईंनी त्या दिवशी नमाजनंतर जेवण केलं, विडा खाल्ला, मोऱ्याहून आलेल्या एका जुन्या खलाशाची खुशाली विचारली आणि मग परतले. तोवर तात्यासाहेबांचा कोट फांदीवर होता आणि शेजारच्या दगडावरची आनंदीबाई त्यांना सुरमई ताजी कशी ओळखायची ते सांगत होती.

चांदण्या दिसल्यावर मास्तर घरी जाऊन शिट्टी घेऊन आले. लांब शिट्टी दिली आणि निकाल सांगितला: "शुक्रवारचा फाऊल माफ. खेळ चालू आहे." गाड्या तार न उतरवताच परत गेल्या.

मंडळाच्या पुढच्या बैठकीत गिरणीचा विषय निघाला. खेळ शनिवारी बंद होता असं अध्यक्षांना म्हणता येईना, कारण त्या दिवशी ते स्वतः गडी होते. मैदान गावातल्या सगळ्यांना कायम खुलं राहील आणि झाडांना कोणी हात लावणार नाही, असा ठराव झाला. तात्यासाहेबांनी तो मास्तरांना मैदानावर येऊन वाचून दाखवला.

"आता तरी सामन्याचा निकाल द्या, मास्तर. मोकळे व्हा."

मोकळे व्हा, याला कारण होतं. इस्रायल आळीतली घरं तेव्हा एकेक करून बंद होत होती. लोक इस्रायलला निघून जात होते. मास्तरांचा मुलगा रूबेन आधीच गेला होता आणि बापाला बोलावत होता. मास्तरांचं उत्तर ठरलेलं असे: सामना संपला की येतो. आता सामना संपवायला काही हरकत उरली नव्हती. दिवाळीनंतर निघणाऱ्या मंडळींत त्यांचं नाव होतं, त्यांची ट्रंक भरलेली होती.

निघायच्या दिवशी मास्तर एस.टी. स्टँडवर गेले. आळीतल्या दोन कुटुंबांच्या वळकट्या त्यांनी टपावर चढवल्या, मुलांच्या हातात बिस्किटं दिली, गाडीला सुटायची शिट्टी स्वतः दिली आणि मैदानावर परत आले. आनंदीबाईनं विचारलं, "गेला नाय, मास्तर?" ते म्हणाले, "खेळ चालू आहे." गावानं ही हट्टाची परिसीमा मानली. ठराव झाला तरी म्हातारा निकाल देत नाही, म्हणून पुष्कळ हसणंही झालं.

खरं काय ते विचारायला मी इस्रायल आळीत गेलो. एलोजीकाका ओट्यावर बसले होते. आळीतले सर्वांत वयस्कर तेच.

"तो कसा जाईल?" ते म्हणाले. "तो आमचा दहावा."

"कोणाचा दहावा? कोण गेलं?"

"तुमचा दहावा नव्हे हो! मेलं कोणी नाही अजून. आमच्यात दहा पुरुष जमल्याशिवाय सगळी प्रार्थना होत नाही, तोरा, म्हणजे आमची पोथी, बाहेर काढता येत नाही. परवा एस.टी.नं गेले ते वजा करा. उरलो दहा. त्याला धरून."

"हे तुम्हाला मास्तरांनी सांगितलं?"

"त्यानं सांगितलं नाही. आम्ही विचारलं नाही. मोजता सगळ्यांनाच येतं." एलोजीकाकांनी धोतराचा सोगा सावरला. "परवा रात्री ट्रंक उघडून कपडे परत कपाटात ठेवत होता. भिंत एकच आहे आमची. आवाज येतो."

मास्तरांना मी याबद्दल विचारलं. ते म्हणाले, "पंचाशी वाद नाही."

पुढच्या शनिवारी सकाळी इस्रायल आळीतली प्रार्थना वेळेवर सुरू झाली.