शेजारच्या पानावरचा हात

मोडककाका पंगतीला बसले की स्वतःच्या पानाकडे बघायचे नाहीत, शेजाऱ्याच्या पानाकडे बघायचे. वाढपी दुसऱ्यांदा जिलबी घेऊन आला रे आला, की काकांचा उजवा हात शेजाऱ्याच्या पानावर आडवा. उष्टा हात दुसऱ्याच्या पानावर नको, एवढं सोवळं मात्र पाळायचे. त्यामुळे शेजाऱ्याचं जेवण उरकेपर्यंत स्वतः एक घास घ्यायचे नाहीत आणि सगळे उठायला लागले की गार भात कालवायला बसायचे. डोंबिवलीत आमच्या आळीत मुंज निघो नाहीतर लग्न, यजमानाला पहिली काळजी हीच, की मोडकांना बसवायचं कुणाशेजारी.

काका ठाण्याला जमीन मोजणीच्या कचेरीत होते. जन्म लोकांच्या शेतांच्या हद्दी मोजण्यात गेला, मग माणसंही त्यांना जमिनीसारखीच दिसायची. "जोशी, तुमच्या पोटाने पट्ट्याबाहेर अतिक्रमण केलंय." "वहिनी, ह्यांची हद्द एकदा कायम करून घ्या, नंतर तंटा नको." खिशात शिंप्याची टेप असायची आणि ती ते बोलता बोलता कुणाच्याही कमरेला लावायचे. आम्हा पोरांना ओसरीवर ओळीने बसवून त्यांनी पानावर हात धरायला शिकवलं होतं. बोटं जुळवायची, अंगठा आत घ्यायचा, कारण फटीतून पोळी सरकते. ती सवय माझ्या हाताला अजून आहे.

त्यांचा सिद्धांत असा, की माणूस स्वतःच्या भुकेने लठ्ठ होत नाही, दुसऱ्याच्या आग्रहाने होतो. "एकट्याने खाणं कमी करून काय होणार? वाढणाऱ्यांचे हात आवरा. रोग समाजाचा आहे, औषधही समाजानेच घ्यायला हवं." आता हे ते कधी सांगायचे, तर आख्खी आळी रेशनच्या रांगेत लाल मिलो ज्वारीसाठी उभी असताना. जोशी म्हणाले, "काका, आधी जाडं व्हायला तरी मिळू दे हो." काका म्हणाले, "मिळेल. साखर रेशनातून सुटी होऊ दे, मग बघा."

साखर सुटी झाली आणि काकांचं खरं ठरलं, ही त्यातली चीड आणणारी गोष्ट. दोन वर्षांत आळीतले निम्मे कारकून पट्ट्याला नवी भोकं पाडून घ्यायला लागले. काकांनी गणपतीच्या मंडपात आग्रहबंदीचा ठराव मांडला. टाळ्या पडल्या, सतरा जणांनी सह्या केल्या, आणि लगेच मंडळाच्या चिटणीसांनी पेढ्यांचं ताट फिरवलं. "ठरावाच्या आनंदाप्रीत्यर्थ एक तरी घ्याच, काका." काका ताटाकडे न बघता मंडपातून निघून गेले.

काकू होत्या तेव्हा हे असे नव्हते, असं आई म्हणायची. मला काकू आठवतात त्या विहिरीवरच्या. ठेंगण्या, चांगल्या जाड, दोन बादल्या काढल्या की काठावर बसून धापा टाकणाऱ्या. मी आठ वर्षांची असताना त्या तिथेच, विहिरीवर, बसल्या जागी गेल्या. मूलबाळ नव्हतं. मग काकांचं हे खूळ सुरू झालं. रिकामं घर, रिकामं डोकं, असं आळी म्हणायची, आणि खोटं कशाला बोलू, मीही म्हणायची.

माझं म्हणणं बदललं ते आमच्या अण्णांच्या दुखण्यात. माझे वडील खाण्यातले दर्दी आणि नाही म्हणण्यात कच्चे. माझं लग्न होऊन मी कल्याणला गेले, त्याला दीड वर्ष झालं असेल, तेव्हा ते ठाण्याच्या कोर्टाचा जिना चढताना छाती धरून खाली बसले. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, वीस पौंड उतरवा, गोड आणि तूप बंद. एक जड पंगत जीव घ्यायला पुरे होईल म्हणाले. अण्णांनी आईला आणि मला शपथ घातली, की हे कल्याणला कळता कामा नये. धाकटीचं लग्न व्हायचं होतं. बाप काळजाने अधू आहे हे व्याह्यांकडून चार घरी गेलं असतं, तर मुलीला स्थळ कोण आणणार होतं?

म्हणजे अण्णांवर नजर ठेवायला उरले मोडककाका. त्यांना आईने सगळं सांगितलं होतं. रोज पहाटे ते अण्णांना हाक मारून खाडीपर्यंत चालवत न्यायचे. शनिवारी स्टेशनावरच्या वजनाच्या यंत्रावर उभं करायचे आणि तिकीट स्वतःच्या खिशात ठेवायचे, कारण अण्णा ते गिळायलाही कमी करणार नाहीत असा त्यांचा आरोप होता. चार महिन्यांत चौदा पौंड उतरले. आईने मला पत्र लिहिलं, मोडक माणूस विचित्र आहे पण माझं कुंकू त्यांच्या हातात आहे. ते पत्र वाचून मी माजघरात एकटीच रडले.

आणि नेमकं तेव्हाच माझ्या सासऱ्यांनी बाळाच्या उष्टावणाचा घाट घातला.

आमच्याकडे मुलीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरी जेवत नाही. अण्णा दोन वर्षं कल्याणला यायचे, ओटीवर बसायचे आणि पाणीसुद्धा न घेता परत जायचे. माझे सासरे मामंजी, पारनाक्याजवळ त्यांचं घर, माणूस दिलदार आणि आवाज घरभर. त्यांना हे दोन वर्षं खुपत होतं. "आता नातू झालाय, आता कुठे जातात बघतो," असं ते आठवडाभर सगळ्यांना सांगत होते. बेत पुरणपोळीचा ठरला आणि तूप घरी कढवायला घेतलं. मी आईला कार्ड टाकलं, अण्णांबरोबर काकांना पाठव. दुसरं काही मला सुचलं नाही.

बाळाच्या तोंडाला खीर लागली, सगळ्यांनी कौतुक केलं, पानं मांडली. पंगतीच्या मधोमध अण्णा आणि त्यांच्या उजव्या हाताला काका. आई आत बायकांत. माझ्या सासूबाईंनी पोळ्यांचं ताट माझ्याच हातात दिलं. "तूच वाढ गं, तुझ्या हातचं नाही म्हणणार नाहीत." बापाच्या पानावर विष वाढायला लेकीलाच पाठवावं, तसं झालं. पण त्या माउलीला काय ठाऊक?

पहिली पोळी वाढली. अण्णांनी ती खाल्ली, काकांनी खाऊ दिली. एक त्यांच्या हिशेबात धरलेली होती. दुसऱ्या फेरीला मी अण्णांना टाळून पुढे सरकले, तर मागून मामंजींचा आवाज आला, "सूनबाई, वडलांना विसरलीस?" ते तुपाचं भांडं घेऊन माझ्या पाठीशीच उभे होते. मी परत फिरले. अण्णांच्या डोळ्यांत पोळी दिसत होती आणि भीतीही. मी ताट धरून उभी राहिले, हात पुढे होईना.

"वाढ गं," मामंजी म्हणाले. "दोन वर्षं थांबलोय मी."

काकांचा हात आडवा आला. बोटं जुळलेली, अंगठा आत.

मामंजी आधी हसले. पंगतीतली थट्टाच वाटली त्यांना. "हा कुणाचा हात बुवा?" असं म्हणून त्यांनी, पानावर हात धरणाऱ्याची जिरवतात तशी, तुपाची धार सरळ त्या हातावर सोडली. तूप चुलीवरून नुकतंच उतरवलेलं होतं, हे मला माहीत होतं. ते त्यांच्या ध्यानात राहिलं नव्हतं.

हात हलला नाही. काकांनी ओठ मिटून घेतले, कपाळाला घाम आला, पण हात पानावर तसाच. तूप बोटांवरून ओघळून जमिनीवर गेलं. मामंजींचं हसू गेलं आणि त्याजागी राग आला, कारण आपल्या हातून काय झालं हे त्यांना कळलं होतं आणि ते सोसत नव्हतं.

"मोडक, हात काढा. माझ्या घरी माझ्या व्याह्यांनी जेवायचं नाही, हा कुठला न्याय? आमच्या घरचं त्यांना चालत नसेल तर तसं सांगा."

अण्णा उठू लागले. खरं काय ते आता ते सांगून टाकणार हे मला दिसत होतं. आणि धाकटीचं काय, हा विचार माझ्याआधी काकांनी केला असावा.

"चालत नाही कसं?" काका म्हणाले. आवाज बारीक झाला होता. "नवस आहे. नातू झाला तेव्हा अण्णा बोलले होते, की त्याला दीर्घायुष्य मिळू दे, मी गोड आणि तूप सोडीन. एक पोळी तुमचा मान म्हणून खाल्ली. तेवढीच मुभा ठेवली होती त्यांनी."

नवस म्हणजे देवाशी केलेली बेकायदा तडजोड, असं भर मंडपात सांगणारा हा माणूस. कचेरीत एक इंच हद्द कधी खोटी दाखवली नाही त्याने. मी ताट घट्ट धरलं, कारण मला हसू येईल की रडू, हे माझं मलाच कळत नव्हतं.

मामंजींनी भांडं खाली ठेवलं आणि अण्णांपुढे हात जोडले. "माझ्या नातवासाठी?" त्यांचे डोळे भरून आले होते. "आणि मी तुम्हाला पाप करायला लावत होतो." मग तेच काकांच्या हाताला खोबरेल लावायला बसले, सोवळ्यात, सगळ्यांदेखत. मागून ते स्वतः जेवायला बसले, तेव्हा त्यांच्याही पानावरची दुसरी पोळी तशीच राहिली. नातवासाठी आपणही काहीतरी सोडावं, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं.

अण्णा पुढे खूप वर्षं जगले. नवस खोटा होता हे त्यांना पक्कं ठाऊक होतं, पण तो मोडला आणि नातवाला काही झालं तर, या धास्तीने त्यांनी मरेपर्यंत गोडाला बोट लावलं नाही. आळीत हे कळल्यावर जोशींनी पण कसलासा नवस केला. काका मात्र चिडले. "पंधरा वर्षं शास्त्र सांगितलं, एकाने ऐकलं नाही. एक थाप मारली तर दोन व्याही सुधारले. हा समाज मोजण्याच्या पलीकडे आहे."

पण मला सांगायचं आहे ते त्या दिवसाचं, पुरुषांची पंगत उठल्यानंतरचं. पाहुण्या बायका जेवल्या, आई जेवली, सासूबाईंचा त्या दिवशी उपास होता. शेवटी उरले मी. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसले आणि सगळ्या भांड्यांतलं उरलंसुरलं माझ्या ताटात ओढून घेतलं. आमटीचा तळ, पोळ्यांचे तुकडे, कडेचा वाळलेला भात. टाकायचं कसं, म्हणून. आमच्यात सगळ्याजणी असंच जेवतात.

वर बघितलं तर दारात मोडककाका. हाताला फडकं गुंडाळलेलं. परक्याच्या घरी, बायकांच्या स्वयंपाकघरात. सासूबाईंनी पदर ओढून घेतला आणि त्या काही बोलणार, तोच ते आत आले आणि माझ्यासमोर जमिनीवर बसले.

"हे रोज असंच?" त्यांनी माझ्या ताटाकडे बोट केलं.

मी म्हटलं, "उरतं ते संपवायला नको का, काका?"

"तुझी काकू पण शेवटी बसायची," ते म्हणाले. "मी पहिला जेवून ओसरीवर जायचो. आत ती काय खाते, किती खाते, कधी वळून बघितलं नाही. टाकायचं कसं म्हणून सगळ्यांचं उरलेलं पोटात घालायची. तालुक्याच्या हद्दी मोजल्या गं मी. तिची मोजायची राहिली." मग म्हणाले, "आणि तिला कुणी कधी घे म्हटलं नाही. मी पण नाही."

मग त्यांनी माझं ताट बाजूला सारलं. सासूबाई उठल्या आणि तव्यावर एक पोळी घातली. ती फुगली, उतरली. काकांनी ती फडकं बांधलेल्या हातातच घेतली आणि स्वच्छ पानावर वाढली. अर्धी पानावर पडली, अर्धी जमिनीवर. आयुष्यात कुणाला वाढलं नव्हतं त्यांनी. मी ती खाल्ली. त्यांनी तव्यावरून उतरलेली दुसरी उचलली.

माझा हात सवयीने आडवा गेला. बोटं जुळलेली, अंगठा आत.

"काढ तो हात," काका म्हणाले. त्यांना ते नीट म्हणताही येत नव्हतं. "गरम आहे. अजून एक घे."